महामारी आणि तमाशाचा हंगाम
(नभोवाणीवरील भाषण)

कोणत्याही देशातील संगीताचा व्यवसाय पाहिला, तर शेतीप्रमाणेच त्यालाही हंगाम असतो असे दिसून येईल. युरोपातील मोठ्या नगरांतील वाद्यवृंदांचा हंगाम शरद ऋतूत सुरू होतो आणि ग्रीष्माच्या तोंडाशी संपतो. मुंबईत २००६ साली स्थापन झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ह्या वाद्यवृंदाचे जलसेही वर्षातील ठराविक आठवड्यांतच होतात. १९५३ साली पुण्यात सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाची रसिक मंडळी वर्षभर वाट पाहत असतात. हे सारे शहरातील सुशिक्षित कुटुंबांच्या परिचयाचे आहे. परंतु ह्या सर्वांहून जुना, आणि श्रोत्यांच्या संख्येने पाहता ह्यांहून लहान नसलेला असा एक हंगाम आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला आपण अहमदनगर म्हणत होतो त्या जिल्ह्याच्या, खेड्यापाड्यांतून दरवर्षी फिरत असतो. तो तमाशाचा हंगाम होय. २०२० आणि २०२१ ह्या दोन वर्षी कोविडच्या महामारीने हा हंगाम समूळ बुडविला. तो का बुडाला, बुडाल्यावर त्यावर जगणाऱ्या माणसांचे काय झाले, आणि नाटकगृहातील एखादा प्रयोग रद्द होणे व तमाशाचा हंगाम बुडणे ह्यांत फरक कोणता, हे आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

तमाशाच्या फडाची तुलना वाद्यवृंदाशी करणे काही श्रोत्यांना धाडसाचे वाटेल. पण फडाची रचना जवळून पाहिली म्हणजे ही शंका उरत नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदासमोर हाती छडी घेऊन उभा राहणारा संचालक जे काम करतो, तेच काम फडात ढोलकीवाला करतो. लय कोठे चढवावयाची, कोठे थबकवावयाची, नर्तिकेच्या पावलाला कोठे जागा द्यावयाची, हे त्याच्या बोटांवर ठरते. हलगी आणि कडे ढोलकीला तोडीस तोड उत्तर देतात. तुणतुण्याची एकच तार आधारस्वर धरून ठेवते, झांज लयीची कड स्पष्ट करते, आणि पाठीमागे उभे असलेले सुरत्ये झील धरून गाणाऱ्याचा शब्द मैदानाच्या टोकापर्यंत पोहोचवितात. पुढे ह्या मेळ्यात पेटी आली, क्लॅरिनेट आले, आणि अलीकडे विजेवर चालणारी वाद्येही आली. ढोलकी-हलगीच्या सलामीनंतर गण, मग गौळण, बतावणी, लावण्या आणि शेवटी वग, हा क्रम मात्र बहुतांशी कायम राहिला. नर्तिका, सोंगाड्या, वगातील नट, वादक, तंबू ठोकणारे, दिवाबत्ती पाहणारे, गाड्या हाकणारे आणि स्वयंपाक करणारे अशी शंभरावर माणसे एका मोठ्या फडात असतात. म्हणजे हा केवळ वाद्यवृंद नव्हे; वाद्यवृंद, नाटकमंडळी आणि फिरते गाव असे तिन्ही त्यात एकत्र नांदत असतात.

येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. तमाशाचे मुख्य प्रकार दोन: एक ढोलकी-फडाचा तमाशा आणि दुसरा संगीत बारी. संगीत बारी एका जागी, कलाकेंद्रात, चालते; आपल्या जिल्ह्यात जामखेडची कलाकेंद्रे ह्यासाठी प्रसिद्ध आहेत. ढोलकी-फड मात्र गावोगाव हिंडतो. महामारीने दोघांवरही घाला घातला. पण हंगाम ह्या शब्दाचा खरा अर्थ फडालाच लागू पडतो, म्हणून आजचे विवेचन मुख्यतः फडाविषयी आहे.

ह्या कलेशी आपल्या जिल्ह्याचे नाते फार जुने आहे. पेशवाईच्या उत्तरकाळात गाजलेले शाहीर अनंत फंदी हे संगमनेरचे. पुढे पठ्ठे बापूरावांच्या लावण्यांना जिच्या गळ्याने आणि अदाकारीने कीर्ती मिळवून दिली, ती पवळाही संगमनेर तालुक्यातील हिवरगावची. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात असलेले नारायणगाव तर तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविल्या गेलेल्या विठाबाई नारायणगावकर तेथल्याच. संगमनेर, अकोले, पारनेर आणि जुन्नर हा सलग मुलूख नकाशावर दोन जिल्ह्यांत विभागला गेला असला, तरी तमाशाच्या दृष्टीने तो एकच प्रांत आहे.

आता हंगामाचे गणित पाहू. श्रावण-भाद्रपदात, पाऊस चालू असताना, फडाच्या तालमी सुरू होतात. नवा वग बसतो, नवी माणसे घेतली जातात, तंबू-कनातींची डागडुजी होते. दसऱ्याला नारळ फोडून फड बाहेर पडतो. तेथून फाल्गुनापर्यंत गावोगाव कनात ठोकून तिकिटावर खेळ चालतात. ह्या काळात प्राप्ती बेताचीच असते. कधी थंडी, कधी अवकाळी पाऊस, कधी पीक हाती न आल्याने रिकामे खिसे, अशा कारणांनी एखाद्या रात्रीचा गल्ला डिझेलच्या खर्चालाही पुरत नाही. त्यातच रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा, २००० सालच्या नियमांनी घातलेला निर्बंध आहे. जो खेळ एके काळी पहाटेपर्यंत रंगत असे, तो आता दोन-अडीच तासांत आवरावा लागतो.

खरी सुगी येते ती चैत्रात. गुढीपाडव्यापासून गावोगावच्या ग्रामदैवतांच्या यात्रा सुरू होतात, आणि यात्रेच्या रात्री तमाशा हवाच, अशी आपल्याकडील रीत आहे. ह्यासाठी नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तेथे येतात, फड पाहतात, भाव ठरवितात आणि सुपारी देतात, म्हणजेच इसार देऊन रात्र पक्की करतात. तो पैसा सरकारचा नसतो किंवा कोणा धनिकाचाही नसतो. घरटी वर्गणी काढून गाव तो उभा करते. यात्रेच्या रात्री खेळ होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीचा कार्यक्रम होतो, दुपारी कुस्त्यांचा आखाडा भरतो, आणि तोवर फडाच्या गाड्या पुढच्या गावाच्या वाटेला लागलेल्या असतात. अक्षय्य तृतीया उलटून बुद्ध पौर्णिमा आली, की हंगाम सरला असे समजण्यात येते. वर्षभराचा प्रपंच ह्या सुमारे दीड महिन्याच्या मिळकतीवर उभा असतो.

महामारीचा पहिला तडाखा नेमका ह्या सुगीच्या पहिल्या दिवशी बसला. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि संपूर्ण देशातील टाळेबंदी अमलात आली ती त्याच दिवशी. मार्चच्या मध्यापासून महाराष्ट्र शासनाने १८९७ सालचा साथरोग प्रतिबंधक कायदा लागू केला होता आणि यात्रा-जत्रांवर बंदी आली होती. टाळेबंदी प्रथम एकवीस दिवसांची म्हणून जाहीर झाली. नंतर ती ३ मे, १७ मे आणि ३१ मे अशी लांबत गेली. अक्षय्य तृतीया २६ एप्रिलला आणि बुद्ध पौर्णिमा ७ मेला येऊन गेली. चैत्राच्या पहिल्या दिवसापासून हंगामाच्या शेवटच्या दिवसापर्यंतची एकही रात्र ह्या बंदीतून सुटली नाही. पंचांग आणि सरकारी आदेश एकमेकांवर असे तंतोतंत बसावेत, हा दुर्दैवी योगायोगच म्हटला पाहिजे.

त्या वर्षीचा दसरा २५ ऑक्टोबरला आला. नोव्हेंबरच्या आरंभी नाट्यगृहांना निम्म्या आसनांवर प्रयोग करण्याची मुभा मिळाली. परंतु आसनांची संख्या मोजता येते ती नाट्यगृहात. कनातीत जमिनीवर बसणाऱ्या समुदायाची निम्मी संख्या कशी मोजावयाची? फडमालकांनी आशा धरली ती पुढच्या चैत्राची. तो पाडवा १३ एप्रिल २०२१ रोजी आला. त्याच दिवशी राज्यात नवे कडक निर्बंध जाहीर झाले आणि १४ एप्रिलच्या रात्री आठपासून ते अमलात आले. साथीची दुसरी लाट तेव्हा ऐन भरात होती. दुसराही चैत्र गेला.

आता प्रश्न असा, की मोकळ्या मैदानातील गाण्याबजावण्यापासून एवढे भय का असावे? ह्याचे उत्तर श्वासात आहे. कोविडचा विषाणू श्वासावाटे बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून पसरतो. आपण स्तब्ध बसलो असता जेवढे तुषार बाहेर पडतात, त्याहून बोलताना अधिक, आणि मोठ्याने गाताना किंवा ओरडताना त्याहूनही अधिक पडतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट परगण्यात १० मार्च २०२० रोजी एका हौशी गायकवृंदाची सुमारे अडीच तास तालीम झाली. एकसष्ट माणसे हजर होती; त्यांपैकी त्रेपन्नांना आजार जडला किंवा जडल्याचे मानण्यात आले, आणि दोघांचा अंत झाला. त्यांत एका व्यक्तीला त्या वेळी सर्दीसारखी लक्षणे होती, एवढेच काय ते निमित्त. ह्या एका घटनेने जगभरच्या संगीतसंस्थांना सावध केले. तमाशा मैदानात होतो, तेथे वारा खेळता असतो, हे खरे; परंतु खांद्याला खांदा लावून बसलेला प्रेक्षक, शिट्ट्या आणि आरोळ्या, राहुटीत दाटीने राहणारी शंभर माणसे, आणि रोज नवे गाव, ह्या चार गोष्टी एकत्र आल्या म्हणजे वाऱ्याचा लाभ फारसा उरत नाही. शिवाय एका गावची साथ दुसऱ्या गावी नेण्याचे वाहन फडच ठरला असता. बंदी जाचक होती. पण निष्कारण नव्हती, हे मान्य केले पाहिजे.

पूर्वीच्या साथींशी तुलना केली म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे तो दख्खनभर पसरला. त्याच साथीसाठी १८९७ चा कायदा झाला. आपल्या काळात महाराष्ट्र शासनाने लागू केलेला कायदा तो हाच. पण प्लेग पसरतो तो मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे. म्हणून त्या वेळी लोकांनी गाव सोडून रानात झोपड्या घातल्या. घर सोडणे हाच बचावाचा मार्ग होता. १९१८ सालचा इन्फ्लुएन्झा मात्र श्वासाचा रोग होता. त्याने हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास, आणि काही अंदाजांप्रमाणे त्याहूनही पुष्कळ अधिक, माणसांचा बळी घेतला. कोविड हा ह्याच जातीचा. प्लेगात माणसे घराबाहेर पडली, कोविडात ती घरात कोंडली गेली. आणि ज्या कलेचे घरच रस्त्यावर, तिला ह्या दुसऱ्या उपायाने सर्वांत अधिक पोळले.

महामारीने जगातील सर्वच वाद्यवृंद गप्प केले. मग फडांचे दुःख निराळे ते काय, असेही कोणी विचारील. फरक आहे तो पोशिंद्यात. बर्लिनच्या जगप्रसिद्ध वाद्यवृंदाने १२ मार्च २०२० रोजी रिकाम्या सभागृहात वादन केले आणि ते संगणकजालावरून जगाला विनामूल्य ऐकविले. प्रेक्षक नसतानाही वादकांचे पोट चालले, कारण त्या संस्थेमागे राज्याचा पैसा उभा आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे दरवाजे त्याच दिवशी बंद झाले. त्या संस्थेचा भार देणग्यांवर आणि तिकिटांवर असल्याने तेथील वादकांना कित्येक महिने बिनपगारी रजेवर बसावे लागले. मोठ्या श्रीमंत देशातदेखील ज्याचा पोशिंदा केवळ प्रेक्षक, त्याची ही गत. फडाला तर राज्याचे वेतनही नाही आणि देणगीदारांचा निधीही नाही. रात्री पडदा उघडला तर सकाळी चूल पेटते, असा हा व्यवहार.

प्रयोग पुढे ढकलावा, हा सभागृहाचा उपाय. फडाला तो उपलब्ध नाही. एखादा जलसा मार्चऐवजी जुलैत होऊ शकतो. परंतु यात्रा तिथीला बांधलेली असते. चैत्र वद्य अष्टमीची यात्रा आषाढात भरत नाही, आणि यात्राच नसेल तर वर्गणीही नाही व सुपारीही नाही. म्हणून फडाची बुडालेली रात्र कायमचीच बुडते. पेरणीचा वाफसा गेल्यावर शेतकऱ्याच्या हाती जसे काही राहत नाही, तसाच हा प्रकार आहे.

दुसरा उपाय, म्हणजे संगणकजालावरून खेळ दाखविण्याचा. तोही काहींनी करून पाहिला. परंतु तमाशा हा समोरच्या माणसाच्या प्रतिसादावर वाढणारा खेळ आहे. सोंगाड्याची हजरजबाबी, गावातील एखाद्या प्रसंगावर बतावणीत मारलेली कोपरखळी, लावणीला मिळालेली दाद आणि त्या दादेवर पुन्हा उठणारी ढोलकी, हे सर्व प्रेक्षकाशिवाय जमत नाही. शिवाय फडाचा प्रेक्षक आणि हातातील यंत्रावर पैसे भरून कार्यक्रम पाहणारा प्रेक्षक हे दोन निराळे वर्ग आहेत.

ह्या व्यवसायाची पैशाची साखळीही समजून घेतली पाहिजे. हंगामाच्या आरंभी फडमालक प्रत्येक कलावंताला उचल देतो. पावसाळ्यात घरखर्च, मुलांच्या शाळा, लग्नकार्य, आजारपण हे सारे ह्या उचलीतून भागते आणि कलावंत ती हंगामभर काम करून फेडतो. मालक ही रक्कम बहुधा सावकाराकडून, पुढच्या सुपाऱ्यांच्या भरवशावर, व्याजाने काढतो. म्हणजे गावाची वर्गणी, मालकाचे कर्ज आणि कलावंताची उचल ह्या तीन कड्यांची ही साखळी. २०२० च्या चैत्रात पहिली कडी तुटली. मालकाकडे फेडावयास पैसा नव्हता, पण व्याज चालूच होते. कलावंताच्या अंगावर उचल होती, पण ती फेडावयास रात्र नव्हती. पुढच्या हंगामासाठी नवी उचल द्यावयाची, तर सावकार दारात उभा करीना. गाड्या आणि तंबू दोन पावसाळे उभ्याउभ्या खराब झाले. नर्तिकांनी आणि वादकांनी शेतमजुरी धरली, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी बांधकामावर गेले. वयस्क कलावंतांना तेही शक्य नव्हते.

ह्यात पैशाइतकेच आणखी एक नुकसान झाले, ते सहसा हिशेबात धरले जात नाही. शहरातील वादक घरी बसून रियाज करू शकतो. पण फडाचे शिक्षण फडातच होते. ढोलकीचा हात, झील धरण्याची वेळ, वगातील संभाषण लांबविण्याची आणि आटोपण्याची हातोटी, ह्यांचे पुस्तक नाही. पोरवयाचा मुलगा तुणतुणे धरून मागे उभा राहतो आणि रोज रात्री पाहूनपाहून पाच-सहा हंगामांत ढोलकीवर बसतो. सलग दोन हंगाम गेले म्हणजे ह्या पाठशाळेची दोन वर्षे गेली. ज्याने पोटासाठी दुसरा धंदा धरला, त्या तरुणाने परत फडात यावे, असा आग्रह तरी कोणत्या तोंडाने धरावयाचा?

मृत्यूनेही ह्या क्षेत्राला वगळले नाही. २५ मे २०२१ रोजी संगमनेर येथे कांताबाई सातारकर ह्यांचे कोरोनाने निधन झाले. त्यांचे वय बयाऐंशी वर्षांचे होते. तुकाराम खेडकर ह्यांच्या फडात त्यांनी कीर्ती मिळविली. त्यांच्या निधनानंतर मुलाबाळांसह हलाखीचे दिवस काढून त्यांनी स्वतःचा फड उभा केला, आणि पुत्र रघुवीर खेडकर ह्यांच्यासह तो महाराष्ट्रभर नावारूपास आणला. राज्य शासनाच्या विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्काराच्या त्या पहिल्या मानकरी. ज्या दिवशी त्या गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी बुद्ध पौर्णिमा होती. चालत्या काळात तो हंगामाचा शेवटचा दिवस ठरला असता, आणि फडातील माणसे घरोघर परतली असती. त्या वर्षी परतावयास मुळी कोणी बाहेरच पडले नव्हते. आणि साथीच्या नियमांमुळे अंत्ययात्रेलाही चाहत्यांची गर्दी होऊ शकली नाही.

मदत झाली नाही असे नाही. अनेक ठिकाणी रसिकांनी आणि सेवाभावी मंडळींनी धान्य व किराणा पोहोचविला. २०२१ साली राज्य शासनाने सुमारे ५६ हजार कलावंतांना प्रत्येकी ५ हजार रुपये एकदाच देण्याचे ठरविले. हेतू चांगला होता. परंतु सुमारे दीड वर्ष प्राप्ती नसलेल्या कुटुंबाला ५ हजार रुपये किती दिवस पुरतील, ह्याचा हिशेब प्रत्येक गृहिणी मनात करू शकेल. आणि ज्याचे नाव कोणत्याच नोंदवहीत नाही, असा तंबू ठोकणारा किंवा स्वयंपाकी कलावंत ठरत नाही. त्याच्यापर्यंत अशी मदत कशी पोहोचावी, हा प्रश्न निराळाच.

अखेर ३१ मार्च २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने निर्बंध उठविण्याचा निर्णय घेतला आणि २ एप्रिलचा गुढीपाडवा मोकळा उजाडला. दोन पाडवे बंदीचे गेल्यावर तिसरा सुटकेचा आला. यात्रा भरल्या, पंच पुन्हा राहुट्यांकडे वळले, फडांना सुपाऱ्या मिळाल्या. सवाई गंधर्व महोत्सवही त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुन्हा भरला. वरवर पाहता सारे पूर्वपदावर आले. परंतु कर्जाचा डोंगर एका चैत्राने उतरत नाही, आणि फडातून गेलेली माणसेही एका नारळाने परत येत नाहीत. शिवाय यात्रेच्या रात्री तमाशाऐवजी चित्रपटगीतांचा ऑर्केस्ट्रा बोलावण्याकडे गावांचा कल महामारीपूर्वीच वाढू लागला होता; कमी माणसांत आणि कमी खर्चात उभा राहणारा तो प्रकार अशा संकटातून लवकर सावरतो, हे उघड आहे.

ह्यातून घ्यावयाचा बोध काय? माझ्या मते तीन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. पहिली ही, की फडाचा हंगाम हा पीकच आहे असे समजून त्याला पीकविम्यासारखे संरक्षण असावे. अवर्षणाने शेत गेले तर नुकसान ठरविण्याची रीत आपल्याकडे आहे. सरकारी आदेशाने यात्रा बंद झाली तर फडाचे नुकसान ठरविण्याची रीत बसविणे अशक्य नाही, कारण सुपाऱ्यांची नोंद आधीच झालेली असते. दुसरी, फडातील प्रत्येक माणसाची, मग तो रंगमंचावर येवो वा न येवो, नोंद व्हावी. संकटात मदत नावाला धरूनच पोहोचते. तिसरी, उचलीची रक्कम सावकाराऐवजी पतसंस्थेकडून वा बँकेकडून मिळावी. सहकाराचा पाळणा जेथे हलला, जेथे प्रवरेच्या काठी लोणी येथे १९५० साली सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला, त्या जिल्ह्याला हे अवघड वाटू नये. उसाच्या हंगामाला कर्ज मिळते. तमाशाच्या हंगामाला का मिळू नये?

आणि श्रोतेहो, शहरातील आपणा सर्वांचाही ह्यात काही वाटा आहे. आपल्यातील पुष्कळांनी तमाशा पाहिला असेल तो चित्रपटातच. रसिकाने नाक मुरडावे असे काही त्यात नाही, असा माझा दावा नाही. परंतु अस्सल ढोलकी प्रत्यक्ष ऐकल्यावाचून त्याविषयी मत बनवू नये, एवढे म्हणण्याचा अधिकार मला वाटतो. दसऱ्यानंतर एखाद्या तालुक्याच्या गावी कनात लागलेली दिसली तर तिकीट काढून आत बसावे, घरातील मुलांनाही न्यावे. महामारीच्या दोन वर्षांत ज्यांनी फड मोडू दिला नाही, त्यांना दयेपेक्षा समोर बसलेल्या माणसांची गरज अधिक आहे. त्यांची कला तेवढ्यावर जगत आलेली आहे. इतके सांगून मी आपली रजा घेतो.